इलेक्ट्रिक गिटार: सिंगल कॉइल, हमबकर की पी-९०? पिकअप बदलायचे आहेत

सहावी_तार

नमस्कार मंडळी,

माझ्या गिटारवर दोन हमबकर (दोन गुंडाळ्यांचे पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) आहेत, दोन्ही गिटारबरोबरच आलेले. ब्रिजचा (तारा बुडाशी जिथे टेकतात तिथला) बरा वाटतो, पण नेकवर (दांड्याकडच्यावर) गेलं की सगळं गढूळ. कॉर्ड छेडली तर त्यातले सूर सुटे ऐकूच येत नाहीत. डिस्टॉर्शन चढवलं की तर विचारू नका.

वाजवतो काय, तर थोडं ब्लूज, बरंचसं स्वच्छ आवाजातलं पिकिंग, आणि अंगात आलं की जड रिफ. लाकूड कोरून नवे खड्डे पाडायची तयारी नाही, त्यामुळे हमबकरच्या जागेत बसेल तेच हवं.

वाचून वाचून डोक्याचा भुगा झालाय. एक जण म्हणतो सिंगल कॉइलशिवाय (एकाच गुंडाळीच्या पिकअपशिवाय) स्वच्छ आवाज नाही, दुसरा म्हणतो त्यातली विजेची गुणगुण ऐकून वेडे व्हाल. मधेच कोणीतरी पी-९०चं घोडं दामटतं. चुंबक अल्निको २ की ५ की सिरॅमिक, रोध ८ किलो-ओहम की १६? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निव्वळ_वाचक

जागा पकडून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

ड्रॉप_डी

ॲक्टिव्ह (बॅटरीवाले) घ्या. विषय संपला.

खर्जातला

विषय इतक्या लवकर संपवला तर आम्ही दिवसभर काय करायचं?

@सहावी_तार, आधी हे सांगा: अँप कोणता, केबल किती लांब, व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा बदलता रोध) किती किलो-ओहमचा, आणि नेक पिकअप तारांपासून किती खाली आहे? एवढं कळल्याशिवाय "हा घ्या, तो घ्या" सांगणारे सगळे अंधारात तीर मारतायत. (यात मीही आलो, म्हणून अजून मारलेला नाही.)

चिवट_पिक

टोन बोटांत असतो हो. नाचता येईना अंगण वाकडं.

सोल्डरबाई

@चिवट_पिक, अंगण वाकडं आहे की नाही हे स्क्रू फिरवून दोन मिनिटांत कळतं. बोटं सुधारायला वर्षं जातात. आधी स्क्रू फिरवू द्या की त्यांना.

जुनाट_अँप

थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकामुळे गिटारची पोलादी तार स्वतः थोडी चुंबकित होते. ती कंप पावली की वेढ्यांतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तांब्याच्या तारेत विद्युतदाब तयार होतो. जॉर्ज बोशाँने १९३१च्या सुमारास नालाच्या आकाराचे चुंबक लावून हे मांडीवरच्या स्टील गिटारवर चालवून दाखवलं. तीच पुढे रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन'. गिब्सनचा पी-९० आला १९४६मध्ये. फेंडरच्या टेलिकॅस्टर, स्ट्रॅटोकॅस्टर (म्हणजे स्ट्रॅट) मंडळी पन्नाशीच्या दशकातली.

हे सगळे सिंगल कॉइल, आणि सगळ्यांचं दुखणं एकच. गुंडाळी ही अँटेनाही असते. भिंतीतल्या विजेचं ५० किंवा ६० हर्ट्झचं क्षेत्र ती इमानेइतबारे पकडते. सेठ लव्हर नावाच्या गिब्सनच्या इंजिनियरने दोन गुंडाळ्या शेजारी ठेवल्या, एकीचा चुंबक उलटा आणि वेढ्यांची दिशाही उलटी. तारेचा सिग्नल दोनदा उलटल्यामुळे बेरजेत जमा होतो, बाहेरून आलेली गुणगुण एकदाच उलटते आणि वजा होते. पेटंटसाठी अर्ज १९५५चा, पेटंट मिळालं १९५९मध्ये. मधल्या काळात पिकअपखाली "पेटंट अप्लाइड फॉर" असं चिकटवलेलं असायचं, म्हणून ते पीएएफ.

सांगायचा मुद्दा असा की हमबकर जाड आवाजासाठी जन्माला आलाच नव्हता. तो आला गुणगुण मारायला. आवाज जाड झाला हा सोबत आलेला परिणाम. आज लोक उलट समजतात. "मला जाड आवाज हवा म्हणून हमबकर" म्हणतात आणि मग जाडी जास्त झाली म्हणून रडतात.

मुक्त_मींड

काका, छान लिहिलंत. पण "दुखणं" म्हणू नका. मी स्लाइड वाजवते, मींड घेताना सुराची जी कड ऐकू येते ती सिंगल कॉइलमध्येच. थोडी गुणगुण असली तर असू दे.

ड्रॉप_डी

@मुक्त_मींड, अँपवर तुमचं गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) किती असतं? तीनवर? ते नऊवर नेऊन बघा. डिस्टॉर्शन म्हणजे मुळात प्रचंड वर्धन. तुमची "थोडी गुणगुण" तारांच्या बरोबरीने उभी राहते. नॉइज गेट (बारीक आवाज आला की सिग्नल बंद करणारं यंत्र) लावला तर दोन सुरांमधली शांतता मिळते, पण सूर चालू असताना गुणगुण आतच असते.

मुक्त_मींड

नऊवर मी फक्त पंखा नेते.

फेजबदल

:D

@जुनाट_अँप, इतिहास मान्य, पण "दोन गुंडाळ्या म्हणून जाड" हे अर्धवट आहे. दोन ठिकाणी तार ऐकल्यामुळे काही वरचे हार्मॉनिक एकमेकांना थोडे मारतात हे खरं, पण फरक पाडतो तो मुख्यतः इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला गुंडाळी करते तो विरोध). हे एकदा नीट लिहितोच, कारण धागाकर्त्याच्या गढूळपणाचं मूळ इथे असण्याची दाट शक्यता आहे.

पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक अनुनादी मंडल तयार होतं. त्याच्या शिखराच्या जरा खाली-वर जे स्वर असतात ते उठून दिसतात, शिखराच्या पलीकडचं सगळं झपाट्याने पडतं. "चमक", "कुरकुरीत", "गढूळ" ही विशेषणं बहुतेक वेळा हे शिखर कुठे आहे एवढंच सांगत असतात.

आता आकडे. स्ट्रॅट छापाचा सिंगल कॉइल साधारण २.४ हेन्री. जुन्या घाटाचा हमबकर ४.५ हेन्रीच्या आसपास. भरपूर वेढ्यांचे "हॉट" हमबकर ८ हेन्रीपर्यंत जातात. साधी केबल मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे पाच मीटरची ५००, त्यात पिकअपचे स्वतःचे १०० धरा. गणित केलं तर शिखर येतं सिंगल कॉइलचं ४२०० हर्ट्झजवळ, हमबकरचं ३०५०, हॉटवाल्याचं २३००.

आता तीच केबल दहा मीटरची करा. सिंगल कॉइलचं शिखर ४२००वरून ३१००वर येतं. म्हणजे जवळजवळ हमबकरच्याच जागी! आणि हमबकरला दहा मीटर लावली तर ते २२५०पर्यंत घसरतं. म्हणून खर्जातला यांनी केबल विचारली ती उगाच नाही.

ठोकळा

मग माझ्या पिकअपच्या खोक्यावर १६ किलो-ओहम लिहिलंय ते काय? जास्त ओहम म्हणजे जास्त ताकद ना?

सोल्डरबाई

नाही. मी पिकअप गुंडाळते, त्यामुळे या आकड्यावर माझा खास राग आहे.

रोध तारेच्या लांबीवर अवलंबून असतो तसा जाडीवरही. ४२ गेजची तार सोडून ४३ची घेतली, जी अजून बारीक असते, तर तेवढ्याच वेढ्यांत रोध वाढतो. आवाज फारसा "ताकदवान" होत नाही. म्हणून ४२ गेजच्या १० किलो-ओहमची तुलना ४३ किंवा ४४ गेजच्या १६शी करणं फसवं आहे. आणि तांब्याचा रोध तापमानाबरोबर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तोच ८ किलो-ओहमचा पिकअप दहा अंश गरम दिवशी ८.३ दाखवेल. लोक मग विक्रेत्याशी भांडतात की "लिहिलंय एक, निघालं भलतंच".

ओहमचा उपयोग एकाच घाटाच्या, एकाच तारेच्या दोन पिकअपांत वेढ्यांचा अंदाज घ्यायला, आणि गुंडाळी तुटली आहे का ते बघायला. बस.

चुंबकाबद्दलही तेच. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड. अल्निको ५ हा २पेक्षा बळकट, त्यामुळे आघात जरा टणक, खर्ज घट्ट. २चा आवाज जरा मवाळ. सिरॅमिक बळकट आणि स्वस्त, आणि उगीच बदनाम. "सिरॅमिक म्हणजे कर्कश" असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा सिरॅमिक चुंबक आणि भरमसाठ वेढे एकत्र ऐकलेले असतात, दोष चुंबकाला देतात.

चिवट_पिक

लाकडाबद्दल कोणीच बोललं नाही. महोगनी असेल तर गढूळ होणारच.

फेजबदल

नको हो. त्या विषयावर धागा सुरू झाला तर पुढची पिढी तो पूर्ण करेल.

खर्जातला

मी बोलणार होतो, पण @फेजबदल यांनी हात धरला. एवढंच म्हणतो की अँपचा स्पीकर बदलून जेवढा फरक पडतो त्याच्या जवळपासही लाकूड जात नाही.

चिवट_पिक

असहमत. पण गप्प बसतो.

निव्वळ_वाचक

इतिहासात नोंद करा, चिवट_पिक गप्प बसले.

ड्रॉप_डी

मघाशी मी एका ओळीत लिहिलं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, आता नीट लिहितो.

ॲक्टिव्ह पिकअपमध्ये वेढे कमी असतात, त्यामुळे सिग्नल मूळचा बारीक, आणि पिकअपच्या पोटातच एक छोटा प्रीअँप ९ व्होल्टच्या बॅटरीवर तो मोठा करून बाहेर पाठवतो. बाहेर येणारा सिग्नल कमी इम्पीडन्सचा. म्हणजे वर @फेजबदल यांनी मांडलेलं केबलचं सगळं रामायण तिथे लागूच होत नाही. दहा मीटर लावा नाहीतर पंधरा. पॉटही २५ किलो-ओहमचे लागतात, २५० किंवा ५०० नाही. गुणगुण जवळपास शून्य, खर्जातली तार खाली उतरवली तरी रिफ सुटी ऐकू येते.

तोटे: बॅटरी. केबल खोचून ठेवली की ती चालूच राहते, वाजवा किंवा झोपा. आणि एक ॲक्टिव्ह, एक पॅसिव्ह असं मिश्रण करणं कटकटीचं.

जुनाट_अँप

आणि हळू छेडलं काय, जोरात छेडलं काय, सगळं सारखंच वाटतं. हा तोटा विसरलात.

ड्रॉप_डी

काका, ते तुम्ही ऐंशीच्या दशकातले ऐकून सांगताय. १८ व्होल्टवर चालवून बघा, वर मोकळी जागा मिळते. शिवाय आता फ्लुएन्ससारखे आलेत, ज्यांत तारेची गुंडाळीच नाही, छापील सर्किटचे थर एकावर एक रचलेले असतात, आणि एकाच पिकअपमध्ये दोन-दोन आवाज.

जुनाट_अँप

ऐकेन. पण मान्य करेनच असं नाही.

ठोकळा

माझा एक भाबडा प्रश्न. हमबकर घेऊन त्यातली एक गुंडाळी बंद केली (कॉइल स्प्लिट) की सिंगल कॉइल मिळतो ना? मग दोन्ही घरचे पाहुणे झाले की.

सोल्डरबाई

मिळतो, पण अर्धवट. पीएएफ घाटात प्रत्येक बॉबिनवर (रिळावर) साधारण ५००० वेढे असतात, स्ट्रॅटच्या एका गुंडाळीवर ८०००च्या आसपास. त्यामुळे स्प्लिट केला की आवाज बारीक होतो, पातळी एकदम पडते, आणि गुणगुण परत. पुष्कळ जण पहिल्या आठवड्यात ती कळ वापरतात, नंतर विसरतात.

त्यापेक्षा दोन्ही गुंडाळ्या समांतर जोडून बघा. एकामागोमाग जोडल्यावर जेवढा इंडक्टन्स असतो त्याच्या साधारण चौथा हिस्सा उरतो, म्हणजे शिखर चांगलंच वर जातं, चमक येते, आणि गुणगुण मारणं चालूच राहतं. पिकअपमधून चार तारा बाहेर आलेल्या असल्या की एका छोट्या कळीत काम होतं. कोणी याची जाहिरात का करत नाही कळत नाही.

ठोकळा

हे माहीतच नव्हतं. _/\_

मुक्त_मींड

आता पी-९०चं घोडं दामटते, कारण धागाकर्त्याने ते सुरुवातीलाच बदनाम केलंय.

पी-९० सिंगल कॉइलच आहे, पण गुंडाळी रुंद आणि बसकी, वेढे १०,०००च्या घरात, आणि चुंबक खाली आडवे दोन. स्ट्रॅटमध्ये तारांखालचे खांब स्वतःच चुंबक असतात, इथे खांबांच्या जागी स्क्रू. मध्यसप्तक गुरगुरतं. व्हॉल्यूम कमी केला की स्वच्छ, पूर्ण उघडला की चावतो. आणि जड वाजवणाऱ्यांनी नाक मुरडू नये, टोनी आयोमीच्या ज्या गिब्सन एसजी गिटारवर ब्लॅक सॅबथचा सुरुवातीचा काळ उभा आहे तिच्यात पी-९०च होते.

हमबकरच्या मापातले पी-९० मिळतात. लाकूड कोरावं लागत नाही.

ड्रॉप_डी

आयोमीचं नाव घेतलंत, आता मी काही बोलू शकत नाही. ही फसवणूक आहे.

खर्जातला

अवांतर: गुणगुणीवर तांब्याची पट्टी लावा असा सल्ला कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. पट्टीने डिमर, ट्यूबलाइट वगैरेंची करकर कमी होते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी खोल गुणगुण पातळ तांब्याला जुमानत नाही. त्यावर स्वस्तातला उपाय म्हणजे खुर्चीवर बसल्या बसल्या गोल फिरा. एका दिशेला ती कमालीची कमी होते. तिकडे तोंड करून वाजवा.

चिवट_पिक

रंगमंचावर प्रेक्षकांकडे पाठ करून?

खर्जातला

काहींच्या बाबतीत प्रेक्षकांची हरकत नसेल.

जुनाट_अँप

स्ट्रॅटवाल्यांसाठी अजून एक. मधला पिकअप उलट वेढे, उलट चुंबक असा घेतला तर पिकअप निवडायच्या कळीच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्थानावर (मधला आणि शेजारचा एकत्र) गुणगुण आपोआप जाते. ही स्थानं मुळात गिटारवर नव्हतीच. कळ तीन स्थानांची होती, लोक ती दोन स्थानांच्या मध्ये अडकवून तो पोकळ, टक्कटक्क आवाज काढायचे. पाच स्थानांची कळ फेंडर कंपनीने दिली १९७७मध्ये.

सहावी_तार

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. विचारलेली माहिती देतो.

अँप छोटा ट्रान्झिस्टरचा, आठ इंची स्पीकर. पॉट उघडून पाहिले, ५०० के आहेत. केबल दहा मीटरची. नेक पिकअप जवळजवळ तारांना टेकलेला होता, शेवटचा फ्रेट दाबल्यावर खर्जाच्या बाजूला जेमतेम एक मिलिमीटर.

@सोल्डरबाई यांनी सांगितलं तसे स्क्रू फिरवले. खर्जाच्या बाजूला तीन मिलिमीटरपर्यंत खाली नेला, बारीक तारांच्या बाजूला जरा वर ठेवला, आणि मित्राची तीन मीटरची केबल लावली. नेकचा आवाज उघडला. स्वच्छ कॉर्डमधले सूर आता सुटे ऐकू येतात. डिस्टॉर्शनमध्ये अजूनही जरा जाड आहे.

म्हणजे आता पिकअप बदलायचेच नाहीत का?

सोल्डरबाई

बरं झालं. अडीच-तीन मिलिमीटर ही नेक हमबकरसाठी सुरुवात करायला योग्य जागा. अजून एक करा: पिकअप आणखी थोडा खाली घ्या आणि बारीक तारांखालचे स्क्रू वर काढा. पिकअपचा गाभा तारांपासून दूर जातो, स्क्रूची टोकं जवळ येतात, आवाज जास्त रेखीव होतो.

नेकवर तार जास्त रुंद हेलकावे घेते, ब्रिजजवळ कमी. म्हणून सारख्याच वेढ्यांचे दोन पिकअप सारख्याच उंचीवर ठेवले तर नेक नेहमीच दादागिरी करतो. कारखान्यातून आलेल्या जोड्यांत ही अडचण फार दिसते.

फेजबदल

बदलायचेच असतील तर फक्त नेकचा बदला. ब्रिजचा तुम्हाला बरा वाटतोय, मग त्याला हात कशाला लावायचा? नेकसाठी कमी वेढ्यांचा, ७ ते ७.५ किलो-ओहमचा (४२ गेज गृहीत धरून, बाई रागावू नका) अल्निको ५ हमबकर, किंवा मुक्त_मींड म्हणतात तो हमबकरच्या मापातला पी-९०. हॉट पिकअपच्या नादी नेकवर लागू नका. जाड रिफ तुम्ही ब्रिजवरच वाजवणार.

ड्रॉप_डी

जड वाजवायचं प्रमाण जास्त असतं तर अजूनही ॲक्टिव्हच म्हणालो असतो. पण "बरंचसं स्वच्छ" असेल तर @फेजबदल यांच्याशी सहमत. मात्र पिकअपआधी त्या आठ इंची स्पीकरचं काहीतरी करा राव.

चिवट_पिक

स्पीकरबद्दल +१. (बोटांबद्दल नंतर बोलू.)

सहावी_तार

ठरलं. ब्रिज आहे तसा, नेकला हमबकरच्या मापातला पी-९०. केबल लहान घेतोय. आता एक शेवटचं: दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र वाजवले की मधल्या स्थानावर आवाज पोकळ होतो असं वाचलं. ते कसं टाळायचं?

फेजबदल

ते फेज उलटी झाल्यामुळे. दोन्ही पिकअपचे सिग्नल एकमेकांना मारतात, खर्ज गायब होतो. फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनच्या लेस पॉल गिटारचा तो नाकातला आवाज नेक पिकअपचा चुंबक उलटा बसल्यामुळेच होता, त्यामुळे काही जण मुद्दाम तसं करतात.

सोल्डरबाई

सोल्डर करण्याआधी तपासा. मल्टिमीटर रोध मोजायला लावा, लाल टोक पिकअपच्या गरम (सिग्नल नेणाऱ्या) तारेला, काळं ग्राउंडला. एक पोलादी स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या माथ्यावर टेकवा आणि झटकन वर ओढा. आकडा क्षणभर वर उडतो की खाली पडतो ते बघा. दुसऱ्या पिकअपवर तेच करा. दोन्ही एकाच दिशेने हलले तर फेज जुळली.

उलट निघाले तर तुमच्या ब्रिज हमबकरच्या चार तारा असतील तर त्याचं गरम आणि ग्राउंड अदलाबदल करा, वेगळी वेणीची तार मात्र ग्राउंडलाच ठेवा. चारऐवजी एकच तार आणि वेणी असेल तर पी-९०चे चुंबक फिरवायचे. फिरवताना दोन्ही फिरवा, एकच फिरवलात तर पिकअप जवळजवळ मुका होईल. आणि तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. तक्ता बघूनच जोडा.

ठोकळा

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्या गिटारचं मधलं स्थान इतकी वर्षं पोकळ का वाजतं ते आज कळलं. स्क्रूड्रायव्हर शोधतो.